लघवी तुंबणे : स्त्रियांची न सांगितली जाणारी व्याधी

शरीराच्या काही क्रिया अशा आहेत की, त्या सुरळीत चालू असेपर्यंत माणूस त्यांचा विचारही करीत नाही. मूत्रविसर्जन ही त्यांपैकीच एक होय. भूक लागत नाही, झोप येत नाही, गुडघे दुखतात, या तक्रारी चारचौघांत बोलता येतात. लघवीची तक्रार मात्र, आणि तीही स्त्रीची, घरातल्या घरातसुद्धा बोलली जात नाही. 'लघवी साफ होत नाही' असे सांगण्यापेक्षा 'ओटीपोट जड वाटते', 'कंबर धरली आहे', 'अंगात कणकण आहे' असे सांगणे तिला सोपे जाते. वैद्याने नेमका प्रश्न विचारला नाही, तर खरी तक्रार तशीच घरी परत जाते.

आरोग्य शिबिराच्या वृत्तांतासाठी काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी जाण्याचा प्रसंग आला होता. तेथे साठीच्या घरातील एक बाई सुनेच्या आधाराने आल्या होत्या. लुगडे सारखे ओले होते, एवढीच त्यांची तक्रार. वयोमानाने असे व्हायचेच, अशी शेजारणींनी समजूत घातली होती, आणि बाईंनी पाणी पिणे जवळजवळ सोडून दिले होते. तपासणाऱ्या परिचारिकेने ओटीपोटावर हात ठेवला, तो बेंबीच्या खाली ताणलेला गोळा हाताला लागला. तो गोळा म्हणजे तुडुंब भरलेले मूत्राशय होते. रबरी नळी घालताच लिटरभराहून अधिक लघवी निघाली. पुढे रक्ताच्या तपासणीत मधुमेहही आढळला. लघवी धरवत नाही म्हणून ज्यांना आणले होते, त्यांचा खरा विकार लघवी सुटत नाही हा होता. काठोकाठ भरलेला रांजण जसा वरून पाझरतो, तशी ती गळती होती.

प्रस्तुत लेखिका वैद्यकीय क्षेत्रातील नव्हे. तथापि, त्या दिवसापासून या विषयाची जी माहिती मिळविता आली, ती या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवणे उचित वाटले. या व्याधीचा काही भाग दवाखान्यात बरा होतो हे खरे. परंतु काही भाग शाळेच्या, कचेरीच्या आणि ग्रामपंचायतीच्या आवारातच निर्माण होतो.

मूत्राशयाचे काम कसे चालते

मूत्रपिंडांत तयार झालेले मूत्र दोन बारीक नलिकांतून थोडे थोडे मूत्राशयात उतरत असते. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाकाठी साधारणतः दीड ते दोन लिटर मूत्र तयार होते. मूत्राशय हे नुसते भांडे नव्हे. ती स्नायूंची बनलेली, ताणली जाणारी पिशवी आहे. १५० ते २०० मिलिलिटर मूत्र साठले की पहिली पुसटशी जाणीव होते, आणि ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत फारसा त्रास न होता ते सामावते. मूत्र बाहेर नेणारा मार्ग पुरुषांत सुमारे २० सेंटिमीटर, तर स्त्रियांत जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असतो. मार्ग आखूड असल्याने स्त्रियांच्या मूत्राशयात जंतूंचा शिरकाव सहज होतो, आणि मूत्र साचून राहिल्यास त्यांची वाढ होण्यास आयती जागा मिळते.

विसर्जनाच्या वेळी दोन गोष्टी एकामागोमाग घडाव्या लागतात. प्रथम मूत्रमार्गाभोवतीचे व कटितळाचे स्नायू सैल पडतात. त्यानंतर मूत्राशयाची भिंत आकुंचन पावते. पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाकडील मज्जातंतू आणि मेंदू यांच्यामार्फत हा मेळ साधला जातो. म्हणजे लघवी करणे ही जोर लावण्याची क्रिया नसून सैल सोडण्याची क्रिया आहे. कोणी येईल अशी धास्ती असली, दाराला कडी नसली, पाय ठेवायला कोरडी जागा नसली, तर हे स्नायू सैल पडत नाहीत. अशा वेळी बाई कुंथून, जोर करून कसेबसे काम उरकते, आणि अर्धे मूत्र आत तसेच राहते. हे नेहमीच घडू लागले की शरीरालाही तीच सवय जडते.

निरोगी स्त्रीच्या मूत्राशयात विसर्जनानंतर सहसा ५० मिलिलिटरहून कमी मूत्र शिल्लक राहते. ही शिल्लक १०० ते १५० मिलिलिटरच्या पुढे वारंवार आढळू लागली की डॉक्टर कारणाचा शोध घेऊ लागतात. आणि ती महिनोन्महिने ३०० मिलिलिटरच्या वर राहिली, तर त्यास दीर्घकालीन मूत्रावरोध म्हटले जाते.

दोन प्रकार, दोन चेहरे

लघवी एकाएकी पूर्णपणे अडणे हा प्रकार स्त्रियांत पुरुषांच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो. वयस्क पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे असे होते, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. स्त्रीला ती ग्रंथी नाही, म्हणून तिला हा विकारही नाही, असा सोयीस्कर समज त्यातूनच पसरला असावा. प्रत्यक्षात स्त्रीची लघवी अशी अडली तर काही तासांतच ओटीपोटात असह्य कळा येतात, पोट फुगते, आणि ही अवस्था तातडीच्या उपचाराची असते. अशा वेळी घरोघरी होणारी एक चूक येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. लघवी व्हावी म्हणून धन्याचे पाणी, बार्ली, शहाळे असे पेल्यामागून पेले पाजले जातात. उन्हाळी लागली असता पाणी अधिक पिणे हितावह असेल. परंतु वाटच बंद असताना वरून पाणी ओतल्याने ताण आणि वेदना तेवढ्या वाढतात. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्नही करू नये. रुग्णेला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. तेथे नळी घालून मूत्राशय रिकामे करणे हे काही मिनिटांचे काम आहे.

दुसरा प्रकार संथ, आणि म्हणूनच अधिक फसवा होय. यात वेदना जवळजवळ नसते. लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, धार बारीक पडते, मध्येच थांबते, उठल्यावर पुन्हा बसावेसे वाटते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. वर्षातून अनेकदा उन्हाळी लागते, औषधाने थांबते, आणि पुन्हा उद्‌भवते. शिबिरातील त्या बाईंप्रमाणे काहींना गळतीच तेवढी जाणवते. साचलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात, आणि दाब वरच्या बाजूस वाढत गेला तर मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते. मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत ज्या व्याधीने ओरड केली नाही, तिची दखल घरच्यांनी घेतली नाही, यात नवल कसले?

बाळंतपणानंतरची पहिली रात्र

या विकाराच्या कारणांपैकी सर्वाधिक लक्ष द्यावे असे कारण प्रसूतीचे आहे, कारण येथे वेळीच दिलेले लक्ष पुढचे सारे टाळू शकते.

प्रसूती लांबली, चिमटा लावावा लागला, टाके पडले किंवा वेदनाशमनासाठी कण्यात इंजेक्शन दिले गेले, तर बाळंतिणीच्या मूत्राशयाची जाणीव काही काळ बधिर होते. बाळाच्या डोक्याचा दाब मूत्रमार्गावर आणि मज्जातंतूंवर आलेला असतो. मार्गाच्या तोंडाशी सूज असते. टाक्यांची आग होईल या भीतीने ती स्वतःही लघवीस जाण्याचे टाळते. इकडे प्रसूतीनंतर शरीरातील जादा पाणी बाहेर पडू लागल्याने मूत्र नेहमीपेक्षा वेगाने साठत असते. म्हणून प्रसूतीनंतर, किंवा सिझेरियन झाले असल्यास नळी काढल्यानंतर, सहा तासांच्या आत बाळंतिणीस लघवी झाली पाहिजे. तशी न झाल्यास वाट पाहत न बसता मूत्राशय तपासावे, असा दंडक प्रसूतिशास्त्रात पाळला जातो.

अडचण अशी की, 'लघवी झाली का?' या प्रश्नाला 'झाली' हे उत्तर फार सहज येते. चार थेंब पडले तरी ती झालीच! म्हणून पहिल्या दोन-तीन वेळची लघवी खुणा केलेल्या मगात मोजून पाहणे, हा यावरचा साधा उपाय होय. दर वेळी जेमतेम ५०-१०० मिलिलिटर होत असेल आणि बेंबीखाली फुगवटा लागत असेल, तर मूत्राशय रिकामे होत नाही, हे ओळखावे. एका रात्रीत अतोनात ताणले गेलेले मूत्राशय पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात. त्या काळात नळीचा आधार घ्यावा लागतो. वेळेवर लक्ष गेले तर बहुतेक बाळंतिणी पुरत्या बऱ्या होतात. बाळाचे वजन, बाळाचे दूध, बाळाची लस यांची चौकशी करण्यास घरी येणाऱ्या आशा स्वयंसेविकेने आईलाही हा एक प्रश्न विचारला, तर त्यासाठी कोणत्याही वेगळ्या योजनेची गरज नाही.

प्रसूती फार काळ अडून राहिल्याने मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून लघवी अखंड पाझरू लागते, तो विकार मात्र निराळा. त्यास सहसा शस्त्रक्रियाच करावी लागते. आणि अशा स्त्रीला घराच्या पडवीत ढकलून देण्याऐवजी मोठ्या रुग्णालयात पाठविणे, हे गावाचे काम आहे.

इतर कारणे

पुष्कळ बाळंतपणे झालेल्या, जड ओझी वाहिलेल्या स्त्रियांत वाढत्या वयात अंग बाहेर येते. गर्भाशयाबरोबर मूत्राशयाची भिंतही खाली उतरते आणि मूत्रमार्गाला पीळ पडतो. अशा कित्येक स्त्रिया लघवीच्या वेळी बोटाने अंग आत ढकलतात, तेव्हा कोठे धार सुटते. ही युक्ती त्यांनी स्वतःच शोधून काढलेली असते, आणि ती त्या कोणालाही सांगत नाहीत. वास्तविक योनिमार्गात बसविण्याची साधी कडी किंवा शस्त्रक्रिया, हे दोन्ही उपाय उपलब्ध आहेत. गर्भाशयातील मोठी गाठ, तसेच क्वचित तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मागे झुकलेले गर्भाशय कटिपोकळीत अडकून बसणे, यांमुळेही लघवी अडते. गर्भारपणात लघवी वारंवार होणे स्वाभाविक असले, तरी ती अडणे स्वाभाविक नव्हे.

शिक्षकांनी ध्यानात ठेवावे असे एक कारण आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलगी. अंगाने वाढलेली, परंतु पाळी सुरू झालेली नाही. दर महिन्याला चार-पाच दिवस तिच्या पोटात दुखते, आणि एके दिवशी अचानक लघवीच अडते. काही मुलींत योनिमुखावरील पडदा जन्मतः पूर्ण बंद असतो. पाळीचे रक्त महिन्यामागून महिने आत साचत जाते आणि त्या फुग्याचा दाब मूत्रमार्गावर येतो. या मुलींना अंगारे-धुपारे होतात, शाळा चुकविण्याचा आळही येतो. प्रत्यक्षात एक लहानशी शस्त्रक्रिया करून साचलेले रक्त मोकळे केले की, लघवीचा आणि पोटदुखीचा प्रश्न एकाच वेळी सुटतो. वर्गातील एखादी मुलगी दर महिन्याला ठराविक दिवसांत गैरहजर राहत असेल आणि पाळी मात्र आलेली नसेल, तर बाईंनी तिच्या आईशी बोलावे.

मधुमेह दीर्घकाळ आटोक्याबाहेर राहिल्यास मूत्राशयाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते. भरल्याची जाणीवच होत नाही. काही औषधेही लघवी अडवितात. सर्दीवरील काही जुनी औषधे, नैराश्यावरील काही गोळ्या, अफूवर्गातील वेदनाशामके, इतकेच नव्हे तर लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या गोळ्यासुद्धा त्यांत मोडतात. धोतऱ्याच्या विषबाधेतही लघवी तुंबते. म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. त्यांतूनच कारणाचा उलगडा होण्याचा संभव असतो. जुनाट बद्धकोष्ठ हेही एक सामान्य कारण होय.

कंबरदुखीने बेजार असलेल्या स्त्रीची लघवी अचानक अडली, बसण्याच्या जागेची कातडी बधिर झाली किंवा पायांतील शक्ती गेली, तर कण्यातील मज्जातंतूंवर दाब आला असण्याची शक्यता असते. येथे तासातासाला महत्त्व आहे. अशा रुग्णेस मलम चोळीत घरी ठेवू नये.

तरुण, अन्यथा निरोगी अशा काही स्त्रियांची लघवी तुंबते आणि तपासणीत काहीच सापडत नाही. अशांना पूर्वी सर्रास मानसिक रुग्ण ठरविले जाई. १९८५ साली लंडनमधील मज्जाविकारतज्ज्ञ क्लेअर फाउलर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अशा स्त्रियांच्या मूत्रमार्गाभोवतीच्या स्नायूची विद्युत् तपासणी करून दाखवून दिले की, त्या स्नायूची हालचालच विकृत असते आणि तो सैल पडत नाही. आज ही अवस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुखणे तर खरे होते. ते मोजण्याचे साधन तेवढे अपुरे होते.

धरून ठेवण्याची सवय

आयुर्वेदाने या गोष्टीचा विचार फार पूर्वी केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे असून, जे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे तेथे सांगितले आहे, त्यांत मूत्राच्या वेगाला पहिले स्थान दिले आहे. आपल्या समाजात मात्र मुलीला हा वेग अडविण्याचे शिक्षण लहानपणापासून मिळते. प्रवासाला निघताना पाणी पिऊ नये, परक्याच्या घरी लघवीला जाऊ नये, शेतात अंधार पडेपर्यंत थांबावे.

जिल्ह्याच्या दौऱ्यावर सकाळी सातला निघून रात्री नऊला परतणे, हे आमच्या कामात नित्याचेच. सोबतच्या पुरुष सहकाऱ्यांना कोठेही गाडी थांबविता येते. लेखिकेने मात्र अनेक वर्षे अशा दिवशी दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही न घेण्याचा नियम पाळला, आणि मोठ्या अभिमानाने पाळला! चार वेळा उन्हाळी लागून ताप आल्यावर त्या अभिमानाचे मोल कळले. शिक्षिका, परिचारिका, एसटीच्या महिला वाहक, बाजारात भाजी विकणाऱ्या बाया, ऊसतोडीच्या फडावरील मजुरणी, या सर्वांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे.

एखाद्या दिवशी लघवी धरून ठेवल्याने मूत्राशय निकामी होत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. उगाच घबराट नको. परंतु वर्षानुवर्षे दिवसातून दोनदाच लघवीला जाणाऱ्या स्त्रीचे मूत्राशय ताणले जाते, भरल्याची जाणीव बोथट होते आणि भिंतीचे आकुंचन दुबळे पडू शकते. पाणी कमी प्यायल्याने मूत्र दाट होते, ते निराळेच.

बसण्याच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो. ब्रिटनमध्ये १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२८ स्त्रियांना विचारले असता, सार्वजनिक शौचालयात आपण कमोडला स्पर्श न करता अधांतरी ओणवे राहतो, असे १०० पैकी ८५ जणींनी सांगितले. त्यांच्यापैकी काहींची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा अशा अधांतरी अवस्थेत धारेचा वेग सरासरीने २१ टक्क्यांनी घटला, आणि आत उरणारे मूत्र सरासरीने १४९ टक्क्यांनी वाढले. आपली पारंपरिक उकिडवी बैठक याहून वेगळी. तीत पाय पूर्ण टेकलेले असतात आणि कटितळ सैल पडते. पण भांडे घाण असेल, ओल्या फरशीवर लुगडे वर धरून अर्धवट वाकून उभे राहावे लागत असेल, तर ब्रिटनच्या बाईची आणि आपल्या बाजारपेठेतील बाईची गत एकच होते.

तपासणी आणि उपचार

तपासणीची सुरुवात घरीच करता येते. तीन दिवस खुणांचा मग वापरून किती वाजता किती लघवी झाली, पाणी-चहा किती घेतला, याची वहीत नोंद ठेवावी. ही नोंद डॉक्टरांना अतिशय उपयोगी पडते. त्यानंतर लघवी करून येताच सोनोग्राफीने उरलेले मूत्र मोजता येते. त्यात वेदना नसते. लघवीची व साखरेची तपासणी, आवश्यक तर स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी, एवढ्यावर बहुतेकांचे निदान होते.

उपचार कारणानुसार ठरतो. औषध कारणीभूत असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावे लागते, बद्धकोष्ठ असेल तर पोट साफ ठेवावे लागते, अंग बाहेर आले असेल तर त्यावर इलाज करावा लागतो. काही सवयी सर्वांनाच लाभदायक ठरतात. दर तीन-चार तासांनी, इच्छा होवो वा न होवो, लघवीस जावे. पाय टेकून, किंचित पुढे वाकून, सावकाश बसावे, कुंथू नये. धार थांबल्यावर मिनिटभर थांबून, एकदा उभे राहून पुन्हा प्रयत्न करावा. कटितळाच्या व्यायामांची अलीकडे बरीच प्रसिद्धी झाली आहे. परंतु आवळण्याचे व्यायाम प्रामुख्याने गळतीसाठी असतात. ज्यांचे स्नायू मुळात सैलच पडत नाहीत, त्यांनी ते मनाने करू नयेत. त्यांना सैल सोडण्यास शिकावे लागते.

मूत्राशयाची शक्तीच गेली असेल तर? अशांसाठी अमेरिकेतील मिशिगन येथील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ साली एक पद्धत मांडली. कायमची नळी आणि पिशवी लावून ठेवण्याऐवजी रुग्णाने स्वतःच दिवसातून चार ते सहा वेळा बारीक नळी घालून मूत्राशय रिकामे करावे आणि नळी काढून टाकावी. पूर्ण निर्जंतुक व्यवस्था हवीच, हा त्या काळचा आग्रह होता. लॅपिडिस यांनी दाखविले की, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरेशी असते. मूत्राशय ताणू न देणे हे अधिक महत्त्वाचे. पाच दशके लोटल्यावरही हीच पद्धत जगभर मान्य आहे. स्त्रीचा मार्ग आखूड असल्याने सुरुवातीस लहान आरसा समोर धरून शिकल्यास, बहुतेक स्त्रियांना ती काही दिवसांत साधते. कायमच्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग त्यामानाने कमी होतो, आणि बाईला शेतावर, शाळेत, लग्नकार्यात जाता येते. ही पद्धत शिकविण्यासाठी एका समंजस परिचारिकेचा अर्धा तास पुरतो. रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढा अर्धा तास आणि आडोसा मिळणे, हीच खरी दुर्मीळ वस्तू आहे.

कडी, पाणी आणि खुंटी

मुंबईत २०११ साली स्त्रियांच्या मुतारीच्या हक्कासाठी स्वयंसेवी संस्थांनी 'राइट टू पी' ही चळवळ सुरू केली, तेव्हा नाव ऐकून पुष्कळांनी नाके मुरडली. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांना मात्र पैसे, ही विसंगती त्या चळवळीने चव्हाट्यावर आणली. पुण्यातील 'मिळून साऱ्याजणी'च्या जनहित याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे पुरविण्याबाबत महानगरपालिकांना निर्देश दिले. शाळांच्या बाबतीत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलींसाठी स्वतंत्र शौचालय आवश्यक ठरविले आहे. स्वच्छ भारत अभियानानंतर, म्हणजे २०१४ पासून, गावोगावी शौचालये उभी राहिली. तेव्हा इमारत नाही, ही सबब पूर्वीइतकी राहिलेली नाही.

परंतु इमारत आणि सोय यांत अंतर आहे. एखाद्या शाळेत १२० मुली व दोन भांडी आहेत असे समजू. छोटी सुट्टी दहा मिनिटांची. एका मुलीस दीड मिनिट धरले, तरी त्या सुट्टीत जेमतेम तेरा मुलींची सोय होते. उरलेल्या मुलींनी काय करावे? त्या थांबतात, आणि घरून निघताना पाणी पीत नाहीत. मुख्याध्यापकांना भांडी वाढविणे लगेच शक्य नसेल. पण तासाच्या मध्ये हात वर करणाऱ्या मुलीला जाऊ देणे, आणि वर्गांच्या सुट्ट्या पुढेमागे करणे, हे आजही शक्य आहे.

महाराष्ट्रातील पंचायत राज्य संस्थांत २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. निम्मे सदस्य स्त्रिया असलेल्या सभागृहाला लागून त्यांना वापरता येईल असे शौचालय आहे काय, हे प्रत्येक सदस्याने आपापल्या ठिकाणी पाहावे. एका कार्यालयात असे शौचालय लेखिकेने पाहिले. नव्या फरशीचे, उत्तम. त्याला कुलूप होते आणि किल्ली शिपायाजवळ. सभा चालू असताना सर्वांदेखत उठून शिपायाकडे किल्ली मागणारी सदस्या विरळाच. त्या दिवशीची सभा साडेचार तास चालली, आणि कुलूप एकदाही उघडले गेले नाही.

शौचालयाच्या पाहणीचा जो नमुना अधिकारी भरतात, त्यात इमारत आहे किंवा नाही, हे लिहिलेले असते. पाहणीस जाताना एखाद्या शिक्षिकेस अथवा महिला सदस्यास बरोबर न्यावे आणि आत जाऊन पाहण्यास सांगावे. कडी आतून लागते काय, संध्याकाळी उजेड असतो काय, पाणी नळाला आहे की बाहेरून बादली आणावी लागते, फरशी कोरडी राहते काय, दाराच्या फटीतून बाहेरचे दिसते काय. ज्या स्त्रीला दिवसातून चार वेळा नळीने मूत्राशय रिकामे करावे लागते, तिला यांखेरीज हात धुण्यास साबण लागतो, आणि सामानाची पिशवी ओल्या जमिनीवर ठेवावी लागू नये म्हणून भिंतीला एक खुंटी.